‘मानवणं’ या शब्दाची बाजू

२०२० च्या एप्रिलमधला कुठलाही मराठी फॅमिली ग्रुप उघडा आणि वर वर स्क्रोल करत जा. दर दोन मेसेजांआड एक शब्द भेटेल: रोगप्रतिकारशक्ती. ती वाढवायची होती. हळदीने, सुंठीने, लिंबाने, सूर्यनमस्काराने, नाकात तूप सोडून, गुळवेलीचा काढा पिऊन. ती कमी करावी असं कुणीही सुचवत नव्हतं. तसं कुणी सुचवलं असतं तर त्याला ग्रुपमधून काढलं असतं.

माझं भांडण त्या काढ्यांशी फारसं नाही. माझं भांडण त्या शब्दाशी आहे. शब्दाची समीक्षा करायची तर आधी तो उलगडून बघावा लागतो. रोग, प्रतिकार, शक्ती. एवढ्याशा समासात एक अख्खा सिद्धान्त बसवलेला आहे. रोग बाहेरून येतो, शरीर त्याला प्रत्युत्तर देतं, आणि हे प्रत्युत्तर म्हणजे एक शक्ती असते. यातला तिसरा भाग सगळ्यात घातक. इंग्रजीत निदान ‘इम्यून सिस्टिम’ म्हणतात. व्यवस्था म्हटली की तिचा तोल जातो किंवा सावरतो. शक्ती मात्र फक्त कमी असते किंवा जास्त असते, आणि जास्त शक्तीला कोण नको म्हणेल? स्मरणशक्ती, इच्छाशक्ती, क्रयशक्ती यांच्या पंक्तीत हा शब्द बसला आणि त्यांच्यासारखाच ‘वाढवा’ या एकाच क्रियापदाशी त्याचं लग्न लागलं.

मूळ लॅटिन शब्दात लढाई नव्हतीच. ‘इम्युनिस’ म्हणजे कर किंवा सार्वजनिक सेवेतून सूट मिळालेला. आपल्याकडच्या जुन्या दप्तरात ज्याला ‘माफी’ म्हणत, त्याच्या जवळचं काहीतरी. एकदा देवी येऊन गेल्या की त्या माणसाला पुन्हा येत नाहीत, म्हणजे त्याला माफी मिळाली. वैद्यकाने हा कायद्यातला शब्द उचलला, आणि पुढे जंतूंचा शोध लागल्यावर त्यावर चिलखत चढलं.

रायगडच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला ही चिलखती भाषा वेगळी शिकवावी लागत नाही. उरणपासून श्रीवर्धनपर्यंत जिकडे पाहावं तिकडे पाण्यात किल्ला. खांदेरी, उंदेरी, अलिबागचा कुलाबा, मुरुडसमोर जंजिरा आणि त्याच्याकडे तोंड करून उभा पद्मदुर्ग. शाळेत बाईंनी सांगितलं की त्वचा म्हणजे तटबंदी, पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक, प्रतिपिंडं म्हणजे शस्त्रं, तर मुलांना चित्र आयतं मिळतं. जंजिरा तर या चित्राचा राजाच. शिवाजी महाराजांना घेता आला नाही, संभाजी महाराजांना घेता आला नाही, संस्थान भारतात विलीन झालं तेच १९४८ मध्ये. अजिंक्य. शरीर असावं तर असं.

ही उपमा खोटी आहे असं मी म्हणणार नाही. जी बाळं टी आणि बी पेशींचं सैन्य न घेताच जन्माला येतात, ती उपचार न मिळाल्यास साध्या सर्दीखोकल्यासारख्या संसर्गानेही पहिल्या-दुसऱ्या वर्षात दगावतात. तट लागतो, शिबंदी लागते. लस म्हणजे शिबंदीला आधीच दाखवलेलं शत्रूचं चित्र, हे समजावून सांगायला किल्ल्याइतकी सोपी उपमा दुसरी नाही. सुझन सोंटॅगने १९७८ च्या ‘इलनेस ॲज मेटाफर’ या पुस्तकात आजाराला चिकटलेल्या रूपकांवर टीका केली आणि ती रूपकं आजाऱ्यालाच कशी दोषी ठरवतात ते दाखवलं. मला तिचं म्हणणं पटतं, पण रूपकांवाचून शरीराबद्दल बोलता येतं असं वाटत नाही. कुठलं रूपक काय दाखवतं आणि काय झाकतं, एवढंच तपासता येतं.

किल्ल्याचं रूपक झाकतं ते दरवाजा. आपल्या शरीरात आपल्या स्वतःच्या पेशी जितक्या, साधारण तितकेच जिवाणू राहतात, बहुतेक मोठ्या आतड्यात. ज्या किल्ल्यात रहिवाशांइतकेच परके वस्तीला आहेत आणि मजेत आहेत, त्याला किल्ला म्हणायचं का? शिवाय रोज दोन-तीन वेळा आपण तोंडाने शेकडो परकी प्रथिनं आत घेतो. तांदळाचं, तुरीचं, बोंबलाचं, कोंबडीचं. यातल्या कुठल्याही प्रथिनाने टोचून रक्तात प्रवेश केला असता तर शरीराने दंगा केला असता. पानातून आलं की तेच प्रथिन पाहुणा होतं. १९११ मध्ये वेल्स नावाच्या अमेरिकन संशोधकाने दाखवलं की ज्या गिनीपिगांना आधी मका खायला घातला होता, त्यांना पुढे मक्याचं प्रथिन टोचलं तरी जीवघेणी प्रतिक्रिया येत नाही. आतड्याने त्या प्रथिनाशी ओळख करून घेतलेली असते. तटाला अशी ओळख करून घेता येत नाही.

(जाता जाता: अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या तटाचे प्रचंड दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं, जोर हरवतं, परत जातं. किल्लेसुद्धा आपल्या पुस्तकातल्या किल्ल्यांइतके बंद नसतात. ओहोटीला तर तिथे चालत जाता येतं.)

आता त्या शक्तीकडे येऊ. कोरोनाच्या साथीने या शब्दाची जी परीक्षा घेतली तिचा निकाल आपण नीट वाचलाच नाही. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निष्कर्ष आला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करणारं औषध सापडलं होतं: डेक्सामेथासोन. जुनं, स्वस्त स्टेरॉइड. ते करतं काय? शरीराचा प्रतिकार दाबतं. म्हणजे सगळा देश प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या मागे असताना, सर्वांत गंभीर रुग्णांना वाचवणारं औषध ती उतरवणारं होतं. त्या टप्प्यावर फुफ्फुसं विषाणूपेक्षा स्वतःच्या दाहाने जास्त होरपळत होती. त्याच चाचणीत ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना या औषधाने फायदा झाला नाही. आणि २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने उलट बाजूही पाहिली. अनियंत्रित मधुमेह आणि त्यावर बेसुमार स्टेरॉइड अशा रुग्णांच्या नाकात, डोळ्यांत काळी बुरशी शिरली. एकच औषध, एका वेळी जीवदान आणि दुसऱ्या वेळी दार सताड उघडं. ‘वाढवा’ किंवा ‘कमी करा’ या क्रियापदांत हे मावत नाही. ‘केव्हा’ आणि ‘किती’ हे प्रश्न शक्तीला विचारता येत नाहीत.

गुळवेलीची गोष्ट याहून बोचरी. कोकणात ही वेल आंब्यावर, कडुनिंबावर चढलेली कुठेही दिसते, आणि साथीच्या काळात ती घरोघर उकळली गेली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे कावीळ घेऊन सहा रुग्ण आले, जे ‘इम्युनिटी बूस्टर’ म्हणून गुळवेल घेत होते. त्यांनी २०२१ मध्ये ही प्रकरणं प्रसिद्ध केली. यकृताला झालेली इजा ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी दिसत होती, म्हणजे शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखी. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: वनस्पतीची नीट ओळख पटवलेली नाही, दुसरीच जात असू शकते, निष्कर्ष दिशाभूल करणारा आहे. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांवरच्या ४३ रुग्णांचा अभ्यास आला आणि त्यातही तेच चित्र दिसलं. लाखो लोकांनी काढा प्यायला आणि त्यांना काही झालं नाही, हेही खरं. पण ज्यांच्या शरीरात स्वतःवर उलटण्याचा कल आधीच दबा धरून होता, त्यांच्यासाठी ‘बूस्टर’ हा शब्दच धोक्याचा होता. औषधशास्त्राचा वाद बाजूला ठेवला तरी भाषेचा मुद्दा उरतोच. त्या सहा जणांनी काय मागितलं होतं? तेच, जे शब्दाने देऊ केलं होतं. जास्त शक्ती.

किल्ला चालत नसेल तर याच किनाऱ्यावर दुसरं रूपक पडलेलं आहे. बंदर.

चौल आज नारळी-पोफळीच्या वाड्यांत झोपलेलं गाव आहे, पण इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या नोंदींपासून ते पोर्तुगीजांपर्यंत त्याचं नाव येत राहतं. बंदर बंद ठेवलं तर मरतं आणि सताड उघडं ठेवलं तरी मरतं. त्याचा सगळा धंदा ओळखण्यावर चालतो. पोर्तुगीजांनी या समुद्रावर ‘कार्ताझ’ नावाचे परवाने काढले होते. ज्याच्याकडे परवाना नाही ते जहाज पकडायचं. पुढे कान्होजी आंग्र्यांनी कुलाब्यावरून स्वतःचे दस्तक सुरू केले, आणि इंग्रजांना त्याचा इतका राग आला की ते त्यांना चाचा म्हणू लागले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले.

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर असं एक दस्तक असतं. काही प्रथिनं पेशीच्या आत काय चाललंय त्याचे नमुने बाहेर धरून उभी असतात. टी पेशी येतात, नमुना तपासतात, ओळखीचा असेल तर पुढे जातात. विषाणू शिरलेली किंवा कर्करोगाकडे झुकलेली काही पेशी चलाखी करतात. नमुना दाखवायलाच नको म्हणून दस्तकच खाली उतरवतात. त्यांच्यासाठी ‘नॅचरल किलर’ नावाच्या पेशी फिरत असतात, ज्या शत्रूचं निशाण शोधत नाहीत. त्या बघतात की दस्तक गायब आहे का. गायब असेल तर ते जहाज बुडवायचं. कान्होजींच्या आरमाराला हे तत्त्व समजावून सांगावं लागलं नसतं.

आणि तपासनीस तयार कुठे होतात? छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, लहानपणी मोठी, वयात आल्यावर आक्रसत जाणारी. कोवळ्या टी पेशी तिथे परीक्षेला बसतात. त्यांना शरीरातल्या निरनिराळ्या अवयवांच्या प्रथिनांचे नमुने दाखवले जातात. स्वादुपिंडाचं, त्वचेचं, डोळ्याचं, जी प्रथिनं एरवी छातीत सापडायचं कारणच नाही. जी पेशी स्वतःच्याच प्रथिनावर तुटून पडते ती तिथेच संपवली जाते. जिला दस्तक वाचताच येत नाही तीही मरते. शंभरातल्या पाचसुद्धा बाहेर पडत नाहीत. ‘शक्ती वाढवा’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला ही ग्रंथी दाखवावीशी वाटते. जास्त सैनिक हवे असते तर शरीराने एवढे स्वतःच्या हाताने का मारले असते?

बंदराचं रूपक मला आवडतं, पण ते पुरतं टिकत नाही. दस्तकाच्या व्यवस्थेत परका तो परकाच राहतो, फक्त त्याला परवानगी असते. गर्भाचं काय? त्याच्या पेशींवरची निम्मी दस्तकं बापाची. आईच्या शरीराच्या लेखी तो निम्मा परदेशी, आणि तरीही तिच्या रक्ताच्या काठावर नऊ महिने राहतो. पीटर मेडावार यांनी १९५३ मध्ये हे कोडं जीवशास्त्रज्ञांसमोर स्पष्ट मांडलं. पुढे तर असंही कळलं की बाळाच्या काही पेशी आईच्या शरीरात प्रसूतीनंतर कित्येक वर्षं, अगदी सत्तावीस वर्षांनीही सापडतात. याला परवानगी म्हणणं फार कोरडं आहे. इंग्रजीत याला ‘टॉलरन्स’ म्हणतात. मराठीत शब्दशः ‘सहिष्णुता’ म्हटलं की संपादकीय सुरू झाल्यासारखं वाटतं. सहिष्णुतेत वरचा खालच्याला खपवून घेतो. नाइलाजाने, दात दाबून. शरीर दात दाबून काही करत नाही.

मराठीला यासाठी शब्द शोधायला जायची गरज नाही. तो स्वयंपाकघरात आहे.

बाहेरगावी गेलेल्या मुलाला घरचे पहिल्या आठवड्यात विचारतात, “तिथलं पाणी मानवलं का?” हवा मानवते, पाणी मानवतं, एखादं औषध मानवत नाही. ‘मानवणं’ या क्रियापदात परकं आणि आपण दोघंही बदलतात, आणि त्याला वेळ लागतो. त्यात जिंकणं-हरणं नाही. त्याच्या शेजारी ‘सोसणं’ आहे, ‘बाधणं’ आहे, ‘अंगी लागणं’ आहे. आयुर्वेदाने ‘सात्म्य’ म्हणून जी कल्पना मांडली, म्हणजे सवयीने शरीराला अनुकूल झालेलं, तिचा हा घरगुती अवतार. मी काही जुन्या शास्त्रात सगळं होतंच म्हणणाऱ्यांपैकी नाही. टी पेशी आजीला माहीत नव्हत्या. पण व्याकरण तिच्याकडे बरोबर होतं. तिने या गोष्टीसाठी शक्तीचं नाम न वापरता एक संथ क्रियापद वापरलं.

अर्थात या घरगुती शब्दांनाही तपासणीतून जावं लागेल. आपल्या किनाऱ्यावर माशांबद्दल जे बोललं जातं तेच घ्या. “मला बांगडा सोसत नाही” आणि “मला कोळंबी सोसत नाही”, दोन्ही वाक्यं सारखीच. आत मात्र दोन वेगळ्या गोष्टी घडतात. बांगडा, कुपा, सुरमई ही एका कुळातली मासळी. त्यांच्या मांसात हिस्टिडीन भरपूर. मासा बर्फाशिवाय उन्हात पडून राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात. हिस्टामीन म्हणजे ॲलर्जीत शरीर स्वतः सोडतं तेच रसायन. इथे ते ताटातूनच येतं. जेवल्यावर थोड्या वेळात चेहरा लाल, डोकं जड, अंगावर पित्त उठल्यासारखं. शिजवून ते जात नाही. त्या दिवशी तो बांगडा ज्याने ज्याने पोटभर खाल्ला त्या बहुतेकांना त्रास होतो, आणि शरीराच्या ओळखीत काही चूक झालेली नसते. चूक बर्फाची असते.

कोळंबीचं वेगळं. तिच्या स्नायूंतलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन काही जणांच्या शरीराला मानवत नाही. म्हणजे एका निरुपद्रवी प्रथिनाला शरीराने कधीतरी शत्रूच्या यादीत टाकलेलं असतं, आणि मग कितीही ताजी, कितीही शिजवलेली कोळंबी असो, प्रतिक्रिया येते. गंमत अशी की जवळपास तसंच प्रथिन झुरळात आणि घरच्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांतही असतं. मासे मात्र वेगळ्या प्रथिनामुळे बाधतात, त्यामुळे कोळंबी न चालणाऱ्या अनेकांना पापलेट चालतं. (जीव घुसमटण्यापर्यंत त्रास झाला असेल तर हा प्रयोग घरी करू नका, ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे जा.) इथे प्रतिकाराची कमी नाही. उलट जिथे काहीच करायचं नव्हतं तिथे शरीराने केलं. ‘प्रतिकारशक्ती’ या शब्दाच्या हिशेबात ॲलर्जी बसतच नाही. मानवण्याच्या हिशेबात ती चटकन बसते.

आणि मानवणं शिकवता येतं. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या ६४० बाळांवरच्या एका चाचणीचा निकाल आला. शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून शेंगदाणे नियमित खायला दिले, तर पाचव्या वर्षी ॲलर्जीचं प्रमाण, न देणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ८१ टक्क्यांनी कमी होतं. त्याआधी वर्षानुवर्षं पाश्चात्त्य देशांत उलटा सल्ला दिला जात होता: टाळा, दूर ठेवा, तट बांधा.

मग २०२५ चं नोबेल आलं. मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची. थायमसच्या परीक्षेतून काही चुकार पेशी निसटतातच, त्यांना बाहेर कोण आवरतं, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं. १९९५ मध्ये साकागुचींनी टी पेशींचा एक गट वेगळा काढला, जो बाकीच्यांना शांत ठेवतो. २००१ मध्ये ब्रंकाव आणि रॅम्सडेल यांनी, खवल्या त्वचेच्या, जन्मतः आजारी आणि लवकर मरणाऱ्या उंदरांच्या एका जातीत बिघडलेलं जनुक शोधलं: फॉक्सपी-३. याच जनुकात बिघाड असलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, न थांबणारे जुलाब, त्वचेचा दाह होतो. त्यांच्या सैन्यात काहीच कमी नसतं. कमी असतात त्या आवरणाऱ्या पेशी.

इतका सुंदर शोध, आणि नोबेल समितीने जगाला सांगताना या पेशींना काय म्हटलं? सिक्युरिटी गार्ड. म्हणजे मानवण्याचा शोध लागला तरी भाषेने त्याला गणवेश घातलाच. मला यात भाषेचा आळस दिसतो. ज्या पेशीचं काम “राहू दे” म्हणणं आहे, तिच्याही हातात दंडुका दिल्याशिवाय आपल्याला तिचं महत्त्व पटत नाही.

हा शब्दच्छल वाटत असेल तर ल्युपस किंवा ऑटोइम्यून संधिवात असलेल्या एखाद्या विशी-तिशीतल्या मुलीला विचारा. या आजारांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त असतं, त्यामुळे मैत्रिणींमध्ये एखादी नक्की सापडेल. डॉक्टर तिला मेथोट्रेक्सेट देतात, प्रतिकार थोडा उतरवायला. घरी आलेले नातेवाईक म्हणतात, “तुझी प्रतिकारशक्ती कमी झालीय, म्हणून हे सगळं,” आणि सोबत आणलेली काढ्याची बाटली काढतात. दोन्हीकडून तिला प्रेमच मिळतंय, पण दोन उलट दिशांना. त्यात किल्ल्याचं रूपक तिला आणखी एक गोष्ट सांगतं: तुझ्याच तटात फितुरी आहे. फितुरी म्हटलं की दोषी शोधला जातो, आणि तिथे तिच्याशिवाय कुणीच नसतं. “माझ्या शरीराला माझेच सांधे मानवेनासे झालेत” या वाक्यात दुखणं तेवढंच आहे, आरोप नाही.

इथे थांबलो असतो तर मानवणं चांगलं आणि लढणं वाईट असा सोयीचा निकाल लागला असता. पण याच जिल्ह्यात एक आजार आहे जो तसा निकाल लागू देत नाही.

पनवेलजवळ नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर कुष्ठरोगाचं दूरीकरण झाल्याचं जाहीर झालं, म्हणजे दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण. त्यानंतरही पनवेल तालुक्यात मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चच्या संशोधकांनी घरोघर जाऊन पाहिलं तेव्हा नोंदीत नसलेले रुग्ण सापडले, त्यांत लहान मुलंही. आजार संपलेला नव्हता. विचारणारं कुणी दारात आलं नव्हतं.

कुष्ठरोगाचा जंतू एकच, पण आजाराचं रूप माणसागणिक वेगळं. बहुतेकांना तो होतच नाही. ज्यांना होतो, त्यांची मांडणी १९६६ मध्ये रिडली आणि जॉपलिंग यांनी एका पट्टीवर केली. एका टोकाला असे रुग्ण ज्यांचं शरीर त्वेषाने प्रतिकार करतं. अंगावर एखादाच चट्टा, बधिर, कोरडा. त्यात जंतू शोधून सापडत नाहीत. पण जंतू मज्जातंतूंच्या आवरणात लपलेले, आणि त्यांना मारताना शरीर आपलाच मज्जातंतू चिरडतं. बोटं वाकतात ती जंतूने खाल्ली म्हणून नव्हे. स्वतःच्या प्रतिकाराने संवेदना जाते, स्नायू लुळे पडतात आणि मग भाजलेलं, कापलेलं कळत नाही.

दुसऱ्या टोकाला उलट. शरीराला हा जंतू मानवलेला. दंगा नाही, दाह नाही, आणि त्वचेत अब्जावधी जंतू सुखाने वाढत असतात. कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवया झडतात. या माणसाची ‘प्रतिकारशक्ती कमी’ असते का? नाही. इतर बहुतेक रोगजंतूंशी त्याचं शरीर इतर कुणाइतकंच झगडतं. फक्त या एका जंतूशी त्याचं जमून गेलेलं असतं. मला तर वाटतं, शक्ती या शब्दाचा सगळ्यात मोठा पराभव इथे होतो. एका माणसात, एकाच वेळी, एका जंतूबद्दल शून्य आणि बाकीच्यांबद्दल पुरेपूर. ‘मानवणं’ हा शब्दही इथे भाबडा राहत नाही. सगळंच मानवून घेणारं शरीरही उद्ध्वस्त होतं.

बहुतेक रुग्ण या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतात, आणि मधले अस्थिर असतात. औषधं सुरू होतात, सहा महिने किंवा बारा महिने, सरकारी दवाखान्यात मोफत. जंतू मरू लागतात. आणि कधी कधी नेमकं त्याच वेळी शरीर जागं होतं. जुने चट्टे लालबुंद होऊन सुजतात, कोपराजवळची नस ठणकते, हाताची पकड चार दिवसांत ढिली पडते. वैद्यकात याला रिॲक्शन म्हणतात. रुग्ण काय म्हणतो? “औषध बाधलं.” आणि गोळ्या बंद करतो. घरगुती शब्दकोशाप्रमाणे त्याचं काहीच चुकलेलं नसतं. औषध घेतलं, त्रास वाढला, म्हणजे मानवलं नाही. पण तो थांबला तर जंतू उरतात, आणि सुजलेल्या नसेवर वेळेत उपचार झाले नाहीत तर हात कायमचा जातो.

उपाय दोन्ही बाजूंनी करावा लागतो. जंतू मारायच्या गोळ्या चालूच ठेवायच्या, आणि सोबत प्रेडनिसोलोन द्यायचं, शरीराचा त्वेष काही आठवडे-महिने उतरवायला. एकाच तळहातावर दोन्ही गोळ्या. एक म्हणते लढ, दुसरी म्हणते जरा दमाने.

शोधमोहिमेत हे सगळं दारात उभं राहून सांगायचं काम आशाताईंवर येतं. तिच्याकडे पाच मिनिटं असतात, एक चार्ट असतो, आणि समोर वाडीतला एखादा माणूस, ज्याने आठ दिवसांपूर्वी गोळ्या बंद केल्यात. ती त्याला म्हणू शकते की तुमची रोगप्रतिकारशक्ती वाढलीय. ते ऐकून तो खूश होईल आणि आणखी वाढवायच्या मागे लागेल. ती म्हणू शकते की कमी झालीय. मग तो घाबरेल. किंवा ती चट्ट्याभोवतीची लाली बोटाने दाखवून म्हणेल, “दादा, हे औषध बाधलेलं नाही. इतके दिवस तुमच्या अंगाला ह्या किड्याची ओळखच नव्हती. आता पटलीय, आणि ते एकदम उसळलंय. त्याला आवरायची गोळी आज डॉक्टरांकडून घेऊ. पण आधीच्या गोळ्या सोडू नका. आणि मला तुमची मूठ आवळून दाखवा.”